सहलीला नेलेल्या बायका

निवडून आले त्या दिवशी माझ्या अंगावर एवढा गुलाल पडला की न्हाताना मोरीतून नुसतं गुलाबी पाणी वाहत होतं. सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. आमच्या घरात दखनी बोलतात. त्या म्हणाल्या, "हो गया ना सब? अब गिरनी खोल. लोगां डब्बे ले को वापस जारे."

त्यांना वाटलं, निवडणूक संपली. मलाही तसंच वाटलं होतं.

आमचं गाव शिरूर तालुक्यात, निमोण्याच्या पुढं. गावात मुसलमानांची घरं मोजकीच, पण पिढ्यान्‌पिढ्या इथलीच. सासरे कापूस पिंजून गाद्या भरायचे. ते गेल्यावर आम्ही पिठाची गिरणी टाकली. माझे मालक रांजणगावला कंपनीत कंत्राटावर, शिफ्टनं जाणारे, त्यामुळं गिरणी मीच चालवते. गावातला प्रत्येक डबा माझ्या हाताखालून जातो. कोणाच्या घरात बाजरी जास्त, कोणाकडं सून बाळंतीण आहे म्हणून नाचणी दळायला आलीय, हे मला डबा बघूनच कळतं. आबांनी मला उभं केलं ते यामुळंच. आबा म्हणजे आमच्या पॅनेलचे प्रमुख. बागायतदार माणूस, आवाज कधी चढणार नाही, पण बोललेला शब्द खाली पडणार नाही. आमचा वॉर्ड महिलेला सुटला तेव्हा ते स्वतः गिरणीत आले. पिठानं पांढऱ्या झालेल्या बाकड्यावर बसले आणि म्हणाले, "भाभी, तुमाला कोन न्हाई म्हननार?"

खरंच कोणी नाही म्हटलं नाही.

ग्रामपंचायतीत नऊ सदस्य. आमचे पाच आले, पलीकडचे चार. म्हणजे एक जरी माणूस इकडचा तिकडं झाला तरी सत्ता गेली. मग सोडत निघाली आणि सरपंचपद महिलेला गेलं. आमच्या पाचांत तिघी बायका. एक मी. दुसरी मावशी, साठी ओलांडलेली, विधवा, मुलाबरोबर शेवंतीची शेती करणारी. आणि तिसरी आबांची धाकटी सून. ती कारेगावच्या एका शाळेत गणित शिकवायची, म्हणून सगळं गाव तिला मॅडम म्हणायचं. सरपंच मॅडम होणार हे कोणी कोणाला विचारलं नाही, कोणी कोणाला सांगितलं नाही. ते ठरलेलंच होतं.

एका सकाळी मी गिरणीचा पट्टा चढवत होते, तेवढ्यात आबांचा भाचा गाडी घेऊन दारात.

"चला भाभी. सहलीला निघायचंय. तुळजापूर, अक्कलकोट, गाणगापूर."

"मी काय करू गाणगापूरला?"

"तुमाला सोलापुरात दर्गा दाखवू की," तो हसत म्हणाला. "कपडे घ्या जरा जास्तीचे."

सहल म्हणजे काय, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत असतं. सरपंच निवडायच्या आधी सदस्यांना गावातून उचलायचं, पलीकडच्यांच्या हाताला लागू द्यायचं नाही, आणि मतदानाच्या दिवशी थेट पंचायतीच्या दारात आणून उतरवायचं. मी मालकांकडं बघितलं. ते नुकतेच शिफ्टवरून आले होते, डोळे लाल. मला बाजूला घेऊन म्हणाले, "जा. नाही गेलीस तर म्हणतील, फुटली. दुसरं कोणी नाही गेलं तर म्हणतील आजारी असेल. आपल्याला मात्र फुटलीच म्हणतील."

ते वाक्य मी पिशवीत कपडे भरताना, गाडीत बसताना, सगळी वाट मनात घोळवत होते. ते खोटं नव्हतं म्हणूनच घोळत होतं.

गाडीत मावशी, मॅडम आणि दोघं पुरुष सदस्य आधीच बसलेले. गाडी शिरूरकडं न जाता दौंडकडं निघाली. दौंड माझं माहेर. रेल्वे लाइनीच्या अलीकडं आमची गल्ली. आई अजून तिथंच राहते, भावाजवळ. गाडीच्या काचांना काळे पडदे लावलेले. मी पडदा बोटभर सरकवला. आमची मशीद दिसली, कोपऱ्यावरचं सायकलीचं दुकान दिसलं. मी म्हटलं, "पाच मिनिटं थांबता का? आईला नुसतं भेटून येते."

भाचा समोरच बसलेला. मागं न वळताच म्हणाला, "येताना भेटा की निवांत." आणि पडदा ओढून घ्यायला सांगितलं.

स्टेशनच्या मागं आम्हाला दुसऱ्या गाडीत बसवलं. गावच्या गाड्या पलीकडचे ओळखतात म्हणून. आणि दुसरी गाडी सोलापूर रस्त्याला लागलीच नाही. मावशी खिडकीला नाक लावून बसली होती. ती म्हणाली, "आरं, ह्यो तर नगरचा रस्ता. तुळजापूर कवा हिकडं आलं?"

भाचा ड्रायव्हरशी बोलत राहिला.

नगर शहर लागायच्या अलीकडं, पुणे रस्त्यावर, तो लॉज होता. दोन मजली, समोर ट्रक उभे करायला मोकळी जागा, बाजूला टायरवाल्याचं खोपट. खाली जेवणाचा हॉल, वर खोल्या. शिर्डीला जाणारी माणसं मुक्कामाला थांबतात तसला स्वस्तातला लॉज. काउंटरच्या मागं भुईकोट किल्ल्याचं मोठं रंगीत चित्र आणि खाली ‘ऐतिहासिक नगरीत आपले स्वागत’. आबा आमच्या आधीच पोचले होते. म्हणाले, "लांब कशाला जायचं? लांब नेलं असं त्यांना वाटू द्या. इथं कोन बघायला येतंय? दोन रोज आराम करा. किल्ला दाखवतो, चांदबिबीचा महाल दाखवतो." मग भाच्यानं एक पिशवी पुढं केली आणि आमचे मोबाइल त्यात गोळा केले. "सुरक्षेसाठी," म्हणाला. घरी फोन करायचा तर त्याच्यासमोर, स्पीकर लावून.

दोघं पुरुष सदस्य एका खोलीत गेले. आम्हा तिघींना रस्त्याकडची खोली मिळाली. एक मोठा पलंग, खाली एक गादी, फिनेलचा वास, आणि एक खिडकी, जिची एक काच रंग फासून बंद केलेली होती आणि दुसरी वीतभरच सरकायची. दारासमोरच्या पॅसेजमध्ये भाचा प्लास्टिकची खुर्ची टाकून बसला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली चहाला जायला निघाले तर तो उठून उभा राहिला.

"काय पायजे भाभी? वर मागवतो."

"चहा. खाली बसून घेते, जरा पाय मोकळे होतील."

"वरच मागवतो," तो म्हणाला. अंगावर ओरडला नाही, हात लावला नाही. फक्त जिन्याच्या तोंडाशी उभा राहिला. पंचविशीचा पोरगा, माझ्या भावाएवढा. मी परत खोलीत आले. त्या क्षणी मला कळलं की इथून मी स्वतःच्या पायानं बाहेर पडू शकत नाही. इतका वेळ ती नुसती सहलच होती.

मग दिवस कळायचा तो फक्त जेवणावरून. मटकी, शेवभाजी, चपाती. दुपारी तेच, संध्याकाळी तेच. गीझर सकाळी थोडा वेळ चालायचा. ओले कपडे पडद्याच्या दांडीवर वाळत घालायचो, त्यामुळं खोलीत कायम दमट वास. माझ्या कानांना गिरणीच्या आवाजाची सवय. तिथं ट्रक चाललेले असायचे, तरी मला सगळं सुनं वाटायचं. हातांना काम नव्हतं. मी मावशीच्या लुगड्याचा उसवलेला काठ शिवला, पिशव्यांचे बंद शिवले, मग शिवायला काही उरलं नाही.

खिडकीच्या त्या वीतभर फटीतून पुणे रस्ता दिसायचा. दर थोड्या वेळानं लाल एसटी जायची आणि तिच्या कपाळावर ‘शिरूर’ लिहिलेलं असायचं. लांब कुठं तरी नेऊन ठेवलं असतं तर बरं वाटलं असतं. घरापासून एसटीच्या एका तिकिटावर असताना जाता येत नाही, हे सोसवत नव्हतं. मी मनात म्हणायचे, ही गाडी आत्ता सुप्याला पोचली असेल, आता घोडनदीचा पूल ओलांडत असेल, आता स्टँडवर लोक उतरत असतील.

मावशी शेवंतीच्या काळजीत. "फुलं उमलून आल्यात गं. तोडली न्हाई तर काळी पडत्याल. पोरगा येकटा काय काय बघंल?" ती सारखी उठून दाराशी जायची आणि भाच्याला विचारायची, "कवा सोडतुयास रं?" तो म्हणायचा, "सोडतो की मावशी, उद्या-परवा." एकदा तिनं विचारलं, "आन् त्यो किल्ला कवा दावनार?" तो म्हणाला, "दाखवू की." ती खोलीत येऊन पलंगावर धपकन बसली. "किल्ला बघाया आनलं म्हनत्यात. किल्ल्यातच ठिवलंय की आपल्याला."

मी हसले. मॅडमसुद्धा हसली. ती आल्यापासून पहिल्यांदाच.

मॅडम फार कमी बोलायची. खरं तर मी तिला आधी नीट ओळखतही नव्हते. आबांच्या घरचं दळण त्यांच्या घरच्या चक्कीवर व्हायचं. ती रोज सकाळी स्कूटीवरून गिरणीसमोरून जायची, तोंडाला ओढणी बांधलेली, पाठीला सॅक. एवढीच माझी तिची ओळख. खोलीत ती भिंतीकडं तोंड करून पडून असायची. मला वाटायचं, घमेंड असेल; होणारी सरपंच, आमच्यासारख्यांशी काय बोलेल. पण पहिल्याच दिवशी दुपारी मी नमाजासाठी पश्चिम कुठली ते विचारत होते, तर तीच उठली. खिडकीतून उन्हाचा अंदाज घेतला, मला दिशा दाखवली आणि गादी सरकवून जागा करून दिली. स्वतःची नवी शाल काढली आणि अंथरली. मी म्हटलं, "असू द्या, खराब होईल." ती म्हणाली, "मला सत्कारात आलीय. आणखी पुष्कळ येणार आहेत." हे ती ज्या आवाजात बोलली, तो घमेंडीचा आवाज नव्हता.

मी घरी फोन लावला तेव्हा भाचा मोबाइल हातात धरून उभा होता. सासूबाईंना फोनवर मोठ्यानं बोलायची सवय. "कां है गे तू? कब आती? गिरनी का पट्टा तुट्या, तेरा मरद बांधतैय, बंधताच नै." मला सांगायचं होतं की मी नगरला आहे, जवळच आहे, नवा पट्टा आतल्या फळीवर ठेवलाय. भाच्यानं बोट ओठावर ठेवलं. मी म्हटलं, "आती अम्मी. जल्दी आती. पट्टा फळीपर है." अजून काही बोलायच्या आत त्यानं फोन बंद केला आणि म्हणाला, "बास, ख्यालीखुशाली कळली ना?" सासूबाई कानाला फोन लावून ‘हॅलो हॅलो’ करत उभ्या असतील, एवढंच मनात येत राहिलं.

मग ती दुपार आली. जेवणं झाली होती, मावशी झोपली होती. पॅसेजमध्ये मॅडमचा मोबाइल वाजला. भाच्यानं उचलला. दार पातळ, सगळं ऐकू येत होतं.

"कोन? शाळेतनं? ... न्हाई, मॅडम येनार न्हाईत आता. ... आता कुठल्या परीक्षा घ्यायच्या त्यांनी? सरपंच होनारेत त्या. ... हां, राजीनामाच समजा. दुसरं कोनतरी बघा तुम्ही."

मॅडम पलंगावर उठून बसली. क्षणभर दाराकडं बघत राहिली. मग बाथरूममध्ये गेली, आतून कडी लावली आणि नळ पूर्ण सोडला.

पाणी किती तरी वेळ पडत राहिलं. मी दार वाजवलं. "मॅडम." उत्तर नाही. "मॅडम, कडी काढा. पाणी संपेल, मग संध्याकाळी बोंब होईल." मला दुसरं काही सुचलं नाही म्हणून मी ते बोलले. थोड्या वेळानं कडी निघाली. ती मोरीच्या कट्ट्यावर बसली होती, पदर पूर्ण भिजलेला. मी नळ बंद केला आणि तिच्या शेजारी, ओल्यातच बसले.

"माझी दहावीची मुलं आहेत, भाभी," ती म्हणाली. "बोर्डाची परीक्षा आलीय. सगळी कंपनीतल्या लोकांची मुलं. कोणी बिहारचं, कोणी यूपीचं. घरी त्यांना गणित सांगणारं कोणी नाही. मी आबांना म्हटलं होतं, निवडणुकीपुरती सुट्टी घेते. ते बरं म्हणाले. निकाल लागल्यावर म्हणाले, आता सरपंच शाळेत हजेरी लावायला जाणार का? शोभतं का?"

"आणि तुमचे मालक?"

"ते म्हणतात, आबा म्हणतात तसं."

मावशी जागी होऊन दारात येऊन उभी राहिली होती. तिनं सगळं ऐकलं आणि सरळ म्हणाली, "मंग न्हाई म्हन की."

मॅडम तिच्याकडं बघत राहिली. "मावशी, त्या घरात आबांना आजवर कोणी नाही म्हटलेलं नाही. सासूबाईंनी पण नाही."

"म्हंजी कोनी म्हनून बघितलंच न्हाई," मावशी म्हणाली.

त्या दुपारी आम्ही तिघी पहिल्यांदा नीट बोललो. सरपंचाचा अर्ज उमेदवारानं स्वतः सही करून भरायचा असतो आणि त्यावर सूचक म्हणून दुसऱ्या सदस्याची सही लागते. सूचक मी होणार, हे आबांनी आधीच सांगितलेलं. म्हणजे तिची सही नाही तर अर्ज नाही, आणि माझी नाही तरी अर्ज नाही. हे इतकं साधं होतं, पण आमच्या डोक्यात तोवर आलंच नव्हतं. आम्हाला वाटत होतं, आपण आणून बसवलेल्या पिशव्या आहोत. उचलतील तेव्हा जायचं.

तरी मला भीती वाटत होती. मॅडमचं भांडण घरातलं होतं. आज नाही तर उद्या मिटलं असतं. मावशीच्या पाठीशी मोठी भावकी होती. माझी मात्र पलीकडच्या चार जणांशी बोलाचालीसुद्धा नसताना मीच फुटले असं ठरलं असतं. मी ते त्या दोघींना बोलून दाखवलं. मॅडम म्हणाली, "भाभी, तुम्ही काही बोलू नका. मीच बोलते." आणि लगेच म्हणाली, "मला जमेल का?"

दुसऱ्या दिवशी आबा आले. भाच्याच्या हातात पेढ्यांचा बॉक्स, साड्यांची पिशवी. तिघींना एकसारख्या गुलाबी साड्या. मिरवणुकीत एका रंगाच्या दिसाव्यात म्हणून. आबा खुर्चीवर बसले, पुरुष सदस्यही आले. आबांनी समजावून सांगितलं: उद्या सकाळी इथून निघायचं, वाटेत कुठं थांबायचं नाही, अर्ज भरायचा, दुपारी सभा, हात वर करायचे. मग म्हणाले, "सूचक भाभी. अनुमोदनाची गरज पडली तर मावशी."

मी मॅडमकडं बघितलं. तिचे ओठ हलत होते, पण आवाज येत नव्हता. साडीची घडी तिनं दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. आबा उठायला लागले. आता ते जातील आणि मग संपलं, असं मला दिसलं. मी म्हटलं, "आबा, मॅडमला विचारलंय का?"

"काय इचारायचं?"

"त्यांना व्हायचंय का सरपंच."

आबा परत बसले. माझ्याकडं बघत, अगदी शांतपणे म्हणाले, "भाभी, तुमाला कोन भेटलं?"

"कोणी नाही आबा. या खोलीत कोण भेटणार?"

"न्हाई, खरं सांगा. कोनी फोडलं तुमाला? आपन तुमाला घरच्यासारखं मानलं. गावात तुमची घरं किती, मतं किती, हे न बघता उभं केलं."

मी दोन्ही हात पदराखाली घेतले. जे मालक म्हणाले होते ते बरोबर माझ्यासमोर येऊन उभं राहिलं होतं. तेवढ्यात मावशी पलंगावरून उतरली. गुडघ्यावर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "मंग मला बी फोडलंय म्हना. आपल्या सुनंच्या तोंडाकडं बघा की जरा. हिला फोडाया कोन आलं हुतं?"

आणि मग मॅडम बोलली. आवाज बारीक होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "आबा, मी सही करणार नाही. मला शाळेत जायचंय."

आबांचा चेहरा बदलला नाही. ते उठून बाहेर गेले. पुरुष सदस्य त्यांच्या मागं गेले. भाचा सगळ्यात शेवटी गेला आणि त्यानं बाहेरून कडी घातली.

तोवर दार नुसतं लोटलेलं असायचं. कडीचा तो आवाज ऐकून मॅडमनं हातातली साडी पलंगावर टाकली. मी उठून दार ओढून बघितलं. उगाचच. मावशी म्हणाली, "बस गं भाभी. त्यांना मत पायजेल. मत काय कडी लावून ठिवता येत न्हाई." पण तिचाही आवाज पहिल्यासारखा नव्हता. पाण्याचा जग रिकामा होता, आणि मागायचं कोणाकडं? आम्ही बाथरूमच्या नळाचं पाणी प्यालो. दुपारचं जेवण आलं नाही. मॅडम मला म्हणाली, "माझ्यामुळं झालं." मी म्हटलं, "पेढे आहेत की." बॉक्स तिथंच राहिला होता. आम्ही तिघींनी ते विजयाचे पेढे जेवण म्हणून खाल्ले. मावशी खाताना म्हणत होती, "खवा चांगलाय."

उन्हं कलली तेव्हा कडी निघाली. आबा एकटेच आत आले. इतक्या वर्षांत मी त्यांना पहिल्यांदा दमलेलं बघितलं. खाली गाडीत बसून त्यांनी सगळे हिशेब मांडले असणार. आपल्यात बायका तिघीच. सून नाही म्हणते. पलीकडं गेली सत्ता तर पाच वर्षं हात चोळत बसायचं. ते सुनेकडं न बघताच म्हणाले, "ठीक हाय. मग कोन?"

त्यांची नजर माझ्यावर आली. मी खरं सांगते, त्या क्षणी मला ते हवंसं वाटलं. मी सरपंचपदाचा कधी विचार केला नव्हता. पण दहावीपर्यंत शिकलेय, लिहिता-वाचता येतं, गावातला प्रत्येक उंबरा ओळखते. नजर आली, थांबली आणि पुढं सरकली.

"मावशी, तुमी," ते म्हणाले.

"मी?" मावशी हसायलाच लागली. "मला कशाला? ही भाभी हाय की. शिकल्याली हाय."

"भाभींना गिरनी हाय," आबा म्हणाले. "त्यांना येळ कुठला?"

मॅडमनं माझ्याकडं बघितलं आणि खाली बघितलं. मावशी बोलायला तोंड उघडत होती, तर मी तिचा हात दाबला. ती घरी गेली असती आपल्या फुलांत. मी त्याच गावात राहणार होते, त्याच गिरणीत, त्याच वाक्याखाली. मी म्हटलं, "मावशीच होऊ द्या. मी सूचक."

दुसऱ्या दिवशी आम्ही त्याच पुणे रस्त्यानं निघालो. या वेळी पडदे उघडे होते. पंचायतीसमोर दोन्हीकडची माणसं जमलेली, पोलीसही होते. अर्जावर मावशीनं जीभ दातात धरून सही केली, खाली मी केली. पलीकडच्या चौघांना सून उभी राहणार असंच वाटत होतं. मावशीचं नाव वाचलं तेव्हा ते एकमेकांकडं बघत राहिले. पाच हात वर झाले. परत गुलाल पडला. मावशी मिरवणुकीत फक्त एका गल्लीपर्यंत चालली आणि मधूनच वळून शेतात निघून गेली. गुलाबी साडीतच.

मी घरी आले तेव्हा सासूबाई ओट्यावर बसल्या होत्या. मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "खाना देते थे क्या?" एवढंच विचारलं. मी हो म्हटलं. रात्री मालकांना मी खोलीतलं सगळं सांगितलं, आबांचं ते गिरणीचं वाक्यही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आणि तू सूचक झालीस?" मी म्हटलं, "हो." त्यांनी अजून काही विचारलं नाही आणि मला ते बरं वाटलं.

मावशी सरपंच झाली म्हणजे आबाच सरपंच, असं सगळ्यांनी धरलं होतं. पहिले काही महिने तसंच चाललं. ग्रामसेवक कागद आणायचा, मावशी सही करायची. मग एकदा गावाच्या टाकीच्या कामाचा कागद आला तेव्हा ती म्हणाली, "ठिऊन जा. भाभी वाचंल, मंग बघू." आबांना ते आवडलं नाही. काही कामं त्यामुळं अडली, काही बरी झाली. पाणी मात्र आमच्या खालच्या आळीला आजही दिवसाआडच येतं.

मॅडमचं सोपं नव्हतं. त्या घरात तिच्याशी बोलणं बंद झालं. तिच्या सासूबाई ताट वाढायच्या, पण वर बघायच्या नाहीत. शाळेनं तोवर दुसरी बाई नेमली होती, त्यामुळं दहावीच्या त्या मुलांना काही ती शिकवू शकली नाही. हे तिला अजून लागतं. पण त्यातली काही पोरं रविवारी सायकली मारत गावात यायची. आबांच्या घरी बसायची सोय नव्हती, म्हणून ती त्यांना मंदिराच्या पारावर घेऊन बसायची. जूनमध्ये दुसऱ्या शाळेत जागा निघाली. आबांनी परवानगी दिली नाही आणि अडवलंही नाही. एका सकाळी ती निघाली, एवढंच.

परवा ती गिरणीत आली होती, ज्वारीचा डबा घेऊन. घरची चक्की बंद पडलीय म्हणाली. दळण होईपर्यंत आत बसली. तिच्या शाळेत यंदा गणितात कोणी तरी पैकीच्या पैकी आणले होते, ते सांगत होती. गिरणी चालू असल्यामुळं मला निम्मं ऐकूच येत नव्हतं. मी मान हलवत होते.